पडद्याची डावी बाजू

हे मी लिहिणारच नव्हते. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. वाटलं, आपल्या बसच्या काकांबद्दल कॉलेजात जे काय बोलायचं ते बोलून झालंय, आता कुणाला काय पडलंय. पण काल त्यांच्याकडून घरी येताना एकदम जाणवलं, की आज नाही लिहिलं तर राहूनच जाईल. म्हणून लिहितेय, एका दमात. चुका असतील, चालवून घ्या.

हळूकाका. आठवतात ना? नाव आपणच पाडलेलं. त्यांची बस चालायची, पळायची कधीच नाही. सायकलवाला ओव्हरटेक करून गेला की मागच्या सीटवरची पोरं टाळ्या पिटायची. मग एका सकाळी त्याच बसने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका स्कूटरवाल्याला घासलं. त्याचा पाय मोडला, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि काका घरी बसले. आपल्यासाठी गोष्ट तिथे संपली.

घरी बसले म्हणजे नक्की कुठे बसले, ते मला सीटवाल्या मावशींनी सांगितलं. काकांची धाकटी बहीण.

मावशींचं दुकान गॅरेजांच्या रांगेत आहे. पुढे शिलाई मशीन, रेक्झिनचे रोल, छताला टांगलेली सीट कव्हरं. मागे एक लांब खोली, पूर्वी त्यात फोमचे गठ्ठे असायचे. वहिनी गेल्यापासून दादा, म्हणजे आपले काका, त्या खोलीत राहायचे. बहीणभावाचं आयुष्य अगदी सरळ चाललं होतं. दादा बस चालवायचा, बहीण बसच्या सीटा शिवायची. दादाच्या ड्रायव्हर सीटला तर तिने स्वतःच्या हाताने इतक्या वेळा टाके घातले होते की ती म्हणायची, "तुझी पाठ मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची आहे."

अपघातानंतर दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत तसेच. ताट पुढे सरकवलं की दोन घास खायचे आणि ताट परत सरकवायचे. मावशी पहिल्यांदा रागावल्या, मग लाडीगोडी लावून पाहिली, मग रडल्या. भिंतीत काय दिसत होतं त्यांना, कोण जाणे.

"अरे पण झालं कसं दादा? तो माणूस समोर उभा होता ना?"

"लक्ष नव्हतं."

"तुझं? तुझं लक्ष नव्हतं? माशी आडवी आली तरी ब्रेक मारणारा तू!"

"नव्हतं म्हटलं ना बारके. किती वेळा विचारशील?"

कॉलेजला बस पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात डेपोच्या मैदानात परत टेस्ट द्या. पास झालात तर बस तुमची, नाही तर घरी. डोळ्यांची तपासणी तेवढ्यात उरकली होती. भिंतीवरच्या पाटीची सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा दादांनी घडाघडा वाचली होती. तेव्हा डोळे ठीक, हातपाय ठीक. गेली आहे ती हिंमत, असं मावशींनी मनात पक्कं केलं.

मग एका दुपारी दादा भिंतीकडे बघतच म्हणाले, "बस गेली तर मला पण त्या फाटक्या फोमबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकून दे. उगाच जागा अडवून बसलोय."

मावशी हसल्या. म्हणजे, हसल्यासारखं केलं. त्या दिवसापासून दुकानातल्या मोठ्या कातऱ्या आणि फोम कापायचे सुरे त्या काम झालं की कपाटात ठेवून कुलूप लावायला लागल्या. किल्ली कमरेला. गिऱ्हाईक विचारायचं, मावशी, कपाटात सोनं ठेवलंय का? त्या म्हणायच्या, हो, आहे थोडं.

हे सगळं बघत होता शेजारचा मोबाइलवाला. तोंडाची टकळी अखंड चालू, पण मनाने चांगला. तो एकदा फोन घेऊन आला. "मावशी, हे बघा. लोक घरात बसून बस चालवतात."

फोनवर एक माणूस खऱ्या सीटवर बसून खरं स्टिअरिंग फिरवत होता आणि त्याच्या भोवती अर्धा गोल पडदा होता, उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत. पडद्यावर रस्ता, झाडं, माणसं, सिग्नल. गेमच, पण माणूस वळणावर खरंच कलत होता.

"साध्या टीव्हीवर नाही का जमणार?"

"टीव्हीवर नुसतं बघता मावशी. यात आत बसता."

मावशींनी फोन हातात घेतला. आणि त्यांना पडदा दिसलाच नाही. त्यांना दिसलं ताणलेलं कापड. गोल सांगाड्यावर एकही सुरकुती न येऊ देता ताणलेलं कापड! अहो, जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"हे मी करते," त्या म्हणाल्या. "तू फक्त त्यात रस्ता आण."

खोली रिकामी केली. खिडकीला काळं रेक्झिन ठोकलं. दादाची जुनी सीट मावशींनी डेपोच्या भंगारातून मागून आणली आणि मधोमध बसवली. मग सीटवर दादाला बसवलं, त्याच्या डोक्याच्या बरोबर खाली जमिनीत खिळा मारला, खिळ्याला सुतळी बांधली आणि सुतळीच्या टोकाला खडू धरून जमिनीवर गोल ओढला. पडदा कुठेही पाहिला तरी दादाच्या डोळ्यापासून सारखाच लांब असायला हवा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सीट शिवताना पाठ मधोमध धरूनच दोन्ही बाजू मापायच्या असतात.

त्या खडूच्या रेघेवरून प्लायवुड कापून वरची आणि खालची कमान झाली, मध्ये उभ्या पट्ट्या. कापडासाठी मोबाइलवाला पांढरी चादर घेऊन आला. मावशींनी चादर त्याच्याच डोक्यावर टाकली.

"भूत दिसतोस. जा, ठेव घरी. याला रूफ लायनिंग लागतं."

रूफ लायनिंग म्हणजे गाडीच्या छताला आतून लावतात ते. मागे पातळ फोम, पुढे मऊ कापड, चमकत नाही, आणि ताणलं तर गोलाव्याला असं धरून बसतं की हात फिरवला तरी जोड लागत नाही. कडेला चिकटवायचं सोल्यूशन लावून, मधून बाहेर, मधून बाहेर असं तळहाताने दाबत मावशींनी अख्खा पडदा चढवला. एक सुरकुती नाही. मोबाइलवाल्याने शिट्टी मारली.

बंद पडलेल्या एका क्लासचे दोन प्रोजेक्टर त्याने मिळवले, दादाच्या डोक्यामागे वर टांगले, एक डाव्या अर्ध्याला, एक उजव्या अर्ध्याला. गोल पडद्यावर सरळ रस्ता केळ्यासारखा वाकडा पडत होता. मग त्याने पडद्यावर चौकटी-चौकटींची जाळी पाडली आणि कॉम्प्युटरवर एक-एक कोपरा खेचत ती सरळ केली. मावशी शेजारी उभ्या राहून सांगायच्या, "तिथे झोळ पडलाय. अजून ओढ. हां, बसलं."

ज्या दिवशी दादाला आत आणलं तो दिवस मावशी कधी विसरणार नाहीत. दादा सीटवर बसले, हात स्टिअरिंगवर गेले, आणि हातांनी आधी ओळखलं. पाठ ताठ झाली. गेमातलं शहर सुरू झालं, डाव्या हाताला स्टॉप, उजव्या हाताला दुकानं. दादांनी गाडी काढली. पहिल्या वळणावर मोबाइलवाला स्टुलावरून धडपडला, इतकं खरं वाटत होतं.

"अरे सांभाळ! दांडा धर," दादा म्हणाले. आणि हसले.

त्या दिवशी दादा पोटभर जेवले. मावशींनी ताट घासताना नळ मोठा सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

पण दुसऱ्याच दिवशी दादा म्हणाले, "बारके, डावीकडे अंधार आहे गं."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, मावशींच्या धंद्याची. कव्हर शिवून झालं, गिऱ्हाईक बसलं आणि म्हणालं टोचतंय, तर वाद नाही घालायचा. तुम्हाला टाका दिसो न दिसो. बसतो तो, पाठ त्याची. उसवायचं आणि परत शिवायचं. याच वागण्यावर दुकान इतकी वर्षं चाललंय. तेव्हा दादा म्हणाला अंधार, म्हणजे अंधार.

"मावशी, मला तर लख्ख दिसतंय," मोबाइलवाला म्हणाला.

"बसणारा तू आहेस की तो?"

डावीकडचं कापड उतरवलं, नवं चढवलं. तरी अंधार. कमान थोडी आत वाकवली. तरी अंधार. मोबाइलवाल्याने दोन्ही प्रोजेक्टर अदलाबदल केले, म्हणजे दोष प्रोजेक्टरचा असेल तर अंधार आता उजवीकडे जाईल. दादांनी सीटवर बसून समोर पाहिलं. मग म्हणाले, "अजून डावीकडेच आहे. आणि उजवीकडे पण कडेला थोडा."

"असं कसं होईल काका?" मोबाइलवाला चक्रावला.

"होतंय ते सांगतोय!" दादा एकदम ओरडले. "तुमच्याच्याने नीट होत नसेल तर तसं सांगा!"

मावशींनी परत उसवलं. बोटं सोल्यूशनने सोलली होती. दुकानातली कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून जायला लागली. आणि टेस्ट तर जवळ येत चालली. दादा चिडायचे, मग भिंतीकडे वळून बसायचे, आणि मावशींचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर जायचा. आपल्या हाताला झालंय काय? एक पडदा धड शिवता येईना? त्या कापडाला शिव्या घालायच्या, स्वतःला घालायच्या, आणि परत ताणायच्या.

टेस्टच्या दोन दिवस आधीची दुपार. दादा आत गाडी चालवत होते. मावशी चहा घेऊन गेल्या. दार पडद्याच्या डाव्या टोकाला आहे, त्यामुळे आत शिरलं की माणूस थेट उजेडात येतो. मावशींच्या अंगावर रस्ता पडला. पदरावर दुकानाची पाटी, गालावर झाडाची सावली. त्या दादाच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर कप पुढे करून उभ्या राहिल्या.

दादा समोर बघत मोठ्याने म्हणाले, "बारके! चहा आणतेस की विसरलीस?"

मावशी हसल्या. "हा काय, धर की."

दादा इतके दचकले की त्यांचा हात कपाला लागून चहा पेडलवर सांडला. "आत्ता आलीस?"

"मी कधीची इथे उभी आहे."

गेममध्ये कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मावशींनी रिकामा कप खाली ठेवला.

"दादा, समोर बघ. मान हलवू नकोस. माझा हात दिसतोय?"

"दिसतो की."

"वर आहे की खाली?"

"...वर."

मावशींचे दोन्ही हात पाठीमागे होते.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या, त्या खिळ्याजवळ. मग दादा बोलायला लागले, स्टिअरिंगशी बोलावं तसे. समोरचं दिसतं, बारीक अक्षरंसुद्धा दिसतात. पण बाजूचं जातं. आधी अंधारात जायला लागलं, मग उजेडातही.

"कधीपासून?"

"रात्रीची ड्यूटी सोडली ना, तेव्हापासून."

"तेव्हा तू पाठ दुखते म्हणाला होतास! मी तुझी सीट तीनदा उसवली दादा!"

"हो."

"आणि हा पडदा? माझी बोटं बघ. का लावलंस मला परत परत करायला? तुला माहीत होतं ना?"

दादांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. त्यासाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. "तू उसवत बसायचीस ना, तेवढा वेळ मला वाटायचं, असेल बाबा, कापडातच असेल काहीतरी. दर वेळी वाटायचं, आता चढवलं की दिसेल."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"तो सांगेल म्हणून."

मग ते सीटवरून उतरले आणि, मला हे लिहवत नाहीये, मोठा भाऊ धाकट्या बहिणीच्या पायाला हात लावायला वाकला. मावशींनी पाय ओढून घेतले.

"कुणाला सांगू नकोस बारके. टेस्टमध्ये समोरच बघायचं असतं. मैदान मला पाठ आहे. मी पास होतो, लिहून घे."

"आणि पोरं?"

"हळू चालवीन. आत्तापर्यंत चालवलीच ना हळू?"

तेव्हा मावशींना कळलं, आपण पोरं बसच्या ज्या हळूपणावर टाळ्या पिटत होतो, तो कशासाठी होता.

त्या उठल्या. डोळे पुसले. मोबाइलवाल्याचं स्टूल ओढून दादाच्या सीटमागे ठेवलं आणि बसल्या. "मला कॉलेजच्या स्टॉपला सोड. सुखरूप सोडलंस तर मी तोंड उघडणार नाही. शब्द देते."

हे बोलताना आपल्याला काय व्हायला हवंय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

दादांनी गाडी काढली. काय चालवली म्हणे! गिअर लोण्यासारखे, ब्रेक असा की बसलेल्याला कळू नये. मान सारखी डावीकडे उजवीकडे फिरत होती, हरवलेली वस्तू शोधतो तसं. सिग्नल पाळला, वळण घेतलं, चौक पार केला. मावशी मनातल्या मनात म्हणायला लागल्या, चालवतोय की, चालवतोय की माझा भाऊ. स्टॉप दिसायला लागला. दादांनी डावीकडचा इंडिकेटर दिला, डावीकडे पाहिलं, मान सरळ केली. त्याच क्षणी फुटपाथवरून एक मुलगी खाली उतरली. मावशींच्या स्वतःच्या हाताने ताणलेल्या पडद्यावर, दादाच्या कानाशेजारी, माणसाएवढी मोठी, लख्ख. मावशींनी पदर तोंडात कोंबला.

धप्प असा आवाज आला.

दादांनी ब्रेक मारला. "काय होतं?"

मावशींचा पदर अजून तोंडातच होता.

"बारके, काय होतं ते?"

"मुलगी. पाठीला सॅक होती."

दादांनी गाडी न्यूट्रलला टाकली. हँडब्रेक ओढला. चारी इंडिकेटर चालू केले. सवयीने. मग सीटवरून उतरून ते डावीकडे गेले, पडद्यापाशी, आणि जिथे ती मुलगी होती तिथे खाली वाकून कापडावर हात फिरवला. गेममध्ये ती केव्हाच उठून चालायला लागली होती, गेमच तो. पण दादा त्याच जागी हात फिरवत राहिले.

"सुरकुती नाही गं एक पण," ते म्हणाले. "चांगला शिवलायस."

डेपोत फोन त्यांनी स्वतः केला. साहेबांना सांगितलं, टेस्टला येत नाही, स्कूटरवाल्याच्या वेळी माझं लक्ष होतं, दिसत नव्हतं. मग मावशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढून असं होतं. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू, पण फार उशिरा आलात. मावशींनी विचारलं, उशिरा म्हणजे? डॉक्टरांनी बोटांचं गोल कडं करून त्यातून पाहून दाखवलं. मग ते कडं हळूहळू मिटत नेलं.

मावशी म्हणाल्या होत्या, पडदा कापून लहान करते, तुला मधलंच दिसतं ना, उगाच कशाला. दादांनी हात धरला. "राहू दे. मला नसेल दिसत, पण बाहेर आहे ना ते. असू दे."

आता ते रोज दुपारी फेरी मारतात. दिवसेंदिवस मान जास्त फिरवावी लागते. कधी मध्येच थांबतात, विचारतात, बारके, लाइट गेली का? लाइट गेलेली नसते. मावशी म्हणतात, हो रे, गेली होती, आली बघ. कातऱ्यांचं कपाट अजून कुलूपबंद आहे. मी विचारलं, अजून? तर त्यांनी कमरेची किल्ली चाचपली.

काल मी मागच्या स्टुलावर बसले होते. काकांनी विचारलं, "बाकीची पोरं कुठे आहेत गं? बस रिकामी जाते."

मी म्हटलं, येतील काका. म्हणून हे लिहिलं. गॅरेजांची रांग माहीत आहे सगळ्यांना, मावशींचं दुकानही. दार डावीकडे आहे, तेव्हा आत शिरताना आवाज द्या, दचकतात. मग अगदी समोर जाऊन उभे राहा, मधोमध, म्हणजे तुमचं तोंड त्यांना दिसेल. अजून दिसतं. या आठवड्यातच जा, प्लीज. परीक्षा संपल्यावर नको.